पोर्तुगीज पासपोर्ट असला की परदेशात जनावरांचा डॉक्टर होता येतं का?

नाही. तुमच्यासारखा हा प्रश्न गोव्यात पुष्कळ मुलं विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. पासपोर्टमुळे युरोपीय संघातल्या देशांत राहायचा, काम करायचा हक्क मिळतो. पण तुमची बी.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकाची पदवी भारतातली, म्हणून ती तिथे आपोआप मान्य होत नाही. ब्रिटनमध्ये तर ब्रेक्झिटनंतर नव्याने जाणाऱ्याला या पासपोर्टवर थेट कामही करता येत नाही, शिवाय आपली पदवी असेल तर रॉयल कॉलेज या तिथल्या पशुवैद्यकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची परीक्षा आहेच.

अमेरिकेचा विचार असेल तर आतापासून प्रत्यक्ष कामाचा सराव करा. परदेशी पदवीच्या पशुवैद्यकांना पात्र ठरवणाऱ्या तिथल्या ईसीएफव्हीजी मार्गात शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा असते. शस्त्रक्रियेत कुत्रीचं गर्भाशय आणि अंडाशय काढायला लावतात, आणि घोड्यांचा भाग वेगळा. पहिल्याची सोय आपल्याकडे उत्तम आहे: भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रांत अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली मन लावून काम करा. घोडे मात्र गोव्यात फारसे नाहीत. त्यासाठी इंटर्नशिपमध्येच पुणे-मुंबईला रेसच्या घोड्यांच्या डॉक्टरांकडे काही आठवडे काढा. हे बहुतेकजण टाळतात, कृपा करून तुम्ही टाळू नका. शिवाय अमेरिकेत परवान्यासाठी ‘नॅव्हली’ (NAVLE) ही ३६० प्रश्नांची परीक्षाही द्यावी लागते.