संख्याशास्त्राचा गृहपाठ अडत असेल तर

सूत्र पाठ असूनही प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत, याच्या मापाची) उत्तरे पुस्तकाशी जुळत नाहीत, असे आपण नांदेडहून विचारले आहे. प्रथम २, ४, ६ एवढ्याच संख्या घेऊन मध्य (सरासरी) ४, त्यापासूनची विचलने −२, ०, २ आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ८ हे सारे हाताने मांडावे. आकडे नमुन्याचे, म्हणजे मोठ्या समूहातून निवडलेल्या काहींचे, असतील तर ८ ला २ ने (संख्यांपेक्षा एक कमीने) भागून वर्गमूळ २ येते, पण ते संपूर्ण समष्टीचे, म्हणजे साऱ्या समूहाचे, असतील तर ३ ने भागून वर्गमूळ सुमारे १.६३ येते, घोटाळा बहुधा इथेच होतो. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे पर्जन्यमान घेतले, तर त्या जिल्ह्यांपुरती ती समष्टी ठरते, तर एखाद्या तालुक्यातील निवडक गावांचे आकडे हा त्या तालुक्याचा नमुना होय. तरीही अडल्यास नेमकी तीच पायरी प्राध्यापकांना निःसंकोच दाखवावी.