हंपीला दोनच दिवस मिळतायत, पुरतील का आणि काय बघावं?

पुरतात की, फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, मी एकदा एप्रिलमध्ये गेलेलो आणि ते दगड असे तापतात की अकरानंतर फिरणं अशक्य. पहिला दिवस विरूपाक्ष मंदिर, हेमकूट टेकडी, आणि सूर्यास्त तिथूनच बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर विठ्ठल मंदिर, ५० च्या नोटेवरचा दगडी रथ तिथलाच, गाभाऱ्यात मात्र मूर्ती नाहीये (संत भानुदासांनी विठोबा पंढरपूरला परत आणला म्हणतात तो विजयनगरहून, म्हणजे इथूनच). तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी कमल महाल, हत्तीशाळेला तेच चालतं. नदीपलीकडचं आनेगुंदी गाव, अंजनाद्री टेकडी पण करायचं असेल तर मात्र तिसरा दिवस काढाच.