गोयाच्या डॉक्टर अरिएतासोबतच्या चित्रात आजार किती शोधावा?

तुम्ही विचारलंय की स्पॅनिश चित्रकार गोयाने स्वतःला आणि आपल्या डॉक्टरला एकत्र रंगवलेलं १८२० सालचं चित्र त्याच्या आजारातून समजून घ्यायचं की त्या दोघांच्या नात्यातून. माझं मत विचाराल तर नात्यातून. आजार लक्षात घ्यावा, पण गोयाने स्वतः सांगितलाय तेवढाच.

आणि त्याने तो सांगितलाय. चित्राच्या तळाशी स्पॅनिशमध्ये मजकूर आहे. कृतज्ञ गोयाकडून मित्र अरिएताला, १८१९ च्या अखेरीस, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी आलेल्या तीव्र आणि धोकादायक दुखण्यातून ज्या कौशल्याने आणि आस्थेने त्याने जीव वाचवला त्याबद्दल, असा त्याचा आशय. दुखण्याचं नाव मात्र कुठेच नाही. मग निदानांची चढाओढ लागते. १७९२-९३ च्या मोठ्या आजारात गोया ठार बहिरा झाला होता. त्याला उपदंश होता, पांढऱ्या रंगातल्या शिशाची विषबाधा होती, असे बरेच तर्क लढवले गेलेत. समजा, त्यातला एखादा उद्या खरा ठरला. तरी चित्रातले हात असे का काढलेत, हे त्यावरून कळणार नाही.

त्या हातांकडेच बघा. गोया अंथरुणात बसलाय, मान मागे कलंडलीय, दोन्ही मुठींत पांघरूण आवळून धरलंय. मागून हिरव्या कोटातला अरिएता एका हाताने त्याला सावरतोय आणि दुसऱ्या हाताने पेला त्याच्या ओठांशी नेतोय. आता हेही आठवा की हा रोगी पंचवीसहून अधिक वर्षं काहीच ऐकू शकत नव्हता. डॉक्टरचा धीराचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचणारच नव्हता, पोचणार होता तो स्पर्श. बहिरेपणाचा या चित्राशी खरा संबंध मला इथे दिसतो. गोयाने आपल्या घराच्या भिंतींवर रंगवलेल्या भयाण ‘काळ्या चित्रां’च्या संदर्भात त्याचा जो उल्लेख होतो, त्यापेक्षा हा संबंध मला जास्त पटतो.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ग्लानीत असलेल्या माणसाला आपला चेहरा असा बाहेरून दिसत नसतो. म्हणजे हे बरं झाल्यावर, विचार करून मांडलेलं दृश्य आहे. आपण किती दुबळे दिसायचं आणि डॉक्टर किती खंबीर दिसायचा, हे गोयाने ठरवलंय. संकटातून वाचल्यावर देवाला किंवा संताला चित्र वाहण्याची प्रथा कॅथलिक स्पेनमध्ये होती. तळाशी मजकूर लिहिण्याची रीतही तिथलीच. तशा चित्रात संत सहसा वर, ढगांत असतो. इथे वर कोणी नाही. संताची जागा पेला धरलेल्या डॉक्टरला दिलीय. आणि दोघांच्या शरीरांची ठेवण मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीच्या चित्रांची आठवण करून देते.

ही जागा किती मोठी, हे कळण्यासाठी गोयाच्याच १७९९ च्या ‘काप्रिचोस’ या उपहासात्मक छापचित्रांच्या मालिकेतलं ४० वं चित्र जरूर बघा. त्यात मरणपंथाला लागलेल्या रोग्याची नाडी एक गाढव तपासतंय आणि खाली प्रश्न आहे, हा कोणत्या रोगाने मरणार? वैद्यकीची अशी टर उडवणारा माणूस वीसेक वर्षांनी एका डॉक्टरला संताच्या जागी बसवतो. हा बदल कोणत्याही रोगाच्या लक्षणांत बसत नाही. तो अरिएतामुळे झालाय, निदान या एका चित्रापुरता तरी.

मागच्या अंधारात काही चेहरे आहेत. कोणी त्यांना नोकर म्हणतं, कोणी पाद्री, कोणी तापातले भास. मी ते ओळखायच्या फंदात पडत नाही. ते दोघांना स्पर्श करत नाहीत, एवढं मला पुरतं.

गोया त्यानंतर आठ वर्षं जगला आणि १८२८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे वारला. मूळ चित्र अमेरिकेत मिनिआपोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. इंटरनेटवर मोठी प्रतिमा सापडली तर आधी पेल्याजवळचा भाग मोठा करून बघा.