वाचकांचे प्रश्न: घरातलंच शूट केलंय, ह्याला फिल्म म्हणायचं का?

प्रश्न: ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते, मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघतात. दिवाळीपासून मी मोबाईलवर घरातलंच शूट करतेय, सकाळच्या चपात्या, सासूबाईंच्या डोक्याला तेल लावणं, रात्री आम्ही दोघं गच्चीत बसतो ते. रील वगैरे टाकत नाही. मिस्टर म्हणतात ह्यात घडतंय काय, कोण बघणार? आणि एका शिबिरात सर म्हणाले डायरी फिल्मला, म्हणजे आपलंच रोजचं जगणं शूट करून केलेल्या फिल्मला, जवळीक दाखवायचं धाडस लागतं. म्हणजे बेडरूम दाखवायची का हो?

उत्तर: आधी मिस्टरांचं. घरात काही घडत नाही असं त्यालाच वाटतं ज्याच्यापुढं ताट आयतं येतं (रागावू नका, आमच्याकडंही तेच आहे). बेल्जियमची दिग्दर्शिका शांताल आकरमन हिनं १९७५ साली, ऐन पंचविशीत, 'जान दीलमान' केला, २०१ मिनिटांचा, त्यात एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते आणि कॅमेरा समोर ठेवलाय तो हलतच नाही, बटाटे सोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आपणही बघत बसायचं. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात आणि बघताना आपल्याच पोटात गोळा येतो. ही डायरी नाही, रचलेली गोष्ट आहे, पण २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' ह्या ब्रिटिश सिनेमासिकानं आजवरच्या सर्वोत्तम सिनेमांसाठी समीक्षकांचं मतदान घेतलं त्यात हाच सिनेमा पहिला आला, हे मिस्टरांना जरूर सांगा. रीलमध्ये तासाभराचा स्वयंपाक तीस सेकंदात उरकतो, तुम्ही तसं करू नका. चपात्यांचा शॉट लांबू दे, कंटाळा आला तरी लगेच कापू नका.

आता धाडस. कॅरोली श्नीमन ह्या अमेरिकन चित्रकर्तीनं १९६४ ते ६७ मध्ये 'फ्यूजेस' केली, स्वतःचं आणि जोडीदाराचं शरीरसुख स्वतःच शूट केलं, खोलीत कॅमेरामन कुणी नाही, मांजर तेवढी बघतेय, वर त्या फिल्मच्या पट्टीवरच रंग फासले, ओरखडे काढले. लोक त्यातलं धाडसच सांगत बसतात, मला ते अर्धवट वाटतं. कॅमेरा कुठं ठेवायचा, काय ठेवायचं, काय कापायचं, हे सगळं फ्रेममधल्या बाईनंच ठरवलं, मोठी गोष्ट ती आहे. तेव्हा बेडरूमची सक्ती तुमच्यावर कुणीच करू शकत नाही, त्या सरांनी तर नाहीच. तेल लावताना सासूबाई डोळे मिटून मान तुमच्या हातात सोडून देत असतील तर तीही जवळीकच की.

पण त्यांना विचारलंत का? त्यांना शूट दाखवा आणि नको म्हणाल्या तर खरंच काढून टाका, गच्चीतल्या शॉट्ससाठी मिस्टरांनाही हाच नियम. स्वतःला मात्र हवं तेवढं उघडं करा. अमेरिकेत ॲन शार्लट रॉबर्टसन हिनं १९८१ मध्ये सुपर एटवर, म्हणजे घरगुती शूटिंगच्या छोट्या फिल्मवर, 'फाइव्ह इयर डायरी' सुरू केली, डाएट, डिप्रेशन, एकटेपणा, बागेतले टोमॅटो, सगळं त्यात, नाव पाच वर्षांचं आणि चालली कितीतरी पुढं, छत्तीसेक तासांची झाली. दाखवताना ती स्वतः तिथंच बसून बोलायची. तुम्ही कॅमेऱ्यापुढं बोलायची घाई करू नका, आवाज नंतर घाला. आकरमनच्याच 'न्यूज फ्रॉम होम'मध्ये न्यूयॉर्कचे रस्ते दिसतात आणि ऐकू येतात आईनं पाठवलेली पत्रं, ती स्वतः वाचतेय. तुमच्या आईचे व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज असतील ना, जेवलीस का, थंडी आहे का, ते तुमच्या रिकाम्या दुपारवर लावून बघा, अर्थात आईलाही विचारून.

बाकी मोबाईल आडवा धरा, फोकस लॉक करा, मिक्सर-कुकरचे आवाज राहू द्या, पाहुणे येणार असल्यासारखं ओटा आवरून शूट करू नका. आणि क्लिप कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवून तीच परत घेऊ नका, क्वालिटी मरते, ओरिजिनल हार्डडिस्कवर ठेवा.