साधा माइक जाड पिनेला कन्व्हर्टर लावून लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमध्ये घातला की मागे 'घूं' आणि 'सूं' असे आवाज येतात. कंडेन्सर माइक घेऊ का?

आत्ता तरी घेऊ नका. साधा डायनॅमिक माइक (स्टेजवर हातात धरतात तसा) जाड पिनेला कन्व्हर्टर लावून लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमध्ये घातलाय, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी रेकॉर्डिंग चालू करून माइकच्या जाळीवर नखाने टकटक करा, नंतर लॅपटॉपच्या काठावर. दुसरी टकटक मोठी आली, तर तुमचा माइक लागलेलाच नाही. लॅपटॉपचा आतला माइक रेकॉर्ड करतोय. हल्लीच्या एकाच भोकाच्या जॅकला हेडसेटची चार भागांची पिन लागते, तीन भागांची घातली तर तो तिला नुसता हेडफोन समजतो.

माइक लागलेला असेल, तर 'घूं' हा विजेचा आवाज. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तो 50, 100, 150 अशा पटींत घुमतो. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. थांबला तर चार्जर किंवा सॉकेटचं अर्थिंग बघा, नाहीतर सरळ बॅटरीवरच काम करा. फुकटचा उपाय!

'सूं' मात्र लॅपटॉपचा स्वतःचा. डायनॅमिक माइकमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, म्हणून विंडोजमध्ये माइक बूस्ट 20-30 डेसिबल चढवावा लागतो आणि जॅकमागच्या स्वस्त सर्किटचा खरखराटही तेवढाच चढतो. पैसे घालायचेच असतील तर साध्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (माइक आणि लॅपटॉपच्या मध्ये लावायची डबी) घाला. कंडेन्सर नाजूक कानाचा. घरात तो पंखा, फ्रिज, शेजारच्या कुकरची शिट्टी, सगळं टिपेल.

माइक वीतभर लांब असेल तर चार बोटांवर आणा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, तिरका ठेवा, नाहीतर मराठीतला प्रत्येक 'फ' आणि 'भ' धपकन आदळतो. पंखा बंद (मे महिन्यात माझीही पंचाईत होते). रेकॉर्डिंगच्या मीटरवर सर्वात मोठा आवाज उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणं) अगदी शेवटी आणि थोडंच. त्यासाठी सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा, म्हणजे नुसत्या गोंगाटाचा नमुना मिळतो. जास्त लावलंत तर पाण्याखालून बोलल्यासारखं येतं.

इंटरफेस घेतलात तर तो कन्व्हर्टर बाजूला ठेवून तीन पिनांची एक्सएलआर केबल थेट लावा. इंटरफेसवरचं 48 व्होल्टचं बटण (कंडेन्सरला वीज देणारं) डायनॅमिक माइकला लागत नाही, बंदच असू द्या.