फोनला रेंज आहे, लॅपटॉपला नाही : फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात इथे लिहितो. साताऱ्यात मंगळवार पेठेत जुनं दगडी घर, राउटर खाली सोप्यातल्या कोनाड्यात, तुमचं काम वर माडीवर. घरून नोकरी, दिवसभर मीटिंगा. लॅपटॉपचं वायफाय मीटिंग चालू असतानाच तुटतं, थोड्या वेळाने आपलं आपण जोडलं जातं, आणि संध्याकाळी त्रास वाढतो. त्याच टेबलावर फोनवर मात्र व्हिडिओ अडखळत नाही. राउटर बदलून झाला. लाइनवाला 'आमच्याकडून ओके आहे' म्हणून गेला. दुकानदार म्हणतोय फॉरमॅट मारा, नाहीतर बोर्ड (मदरबोर्ड) बघावा लागेल. आणि अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की दिवाळीत लॅपटॉपला नवी एसएसडी (डेटा साठवायची वेगवान डिस्क) बसवून घेतली, त्रास साधारण तेव्हापासूनचा.

माझं लक्ष त्या शेवटच्या ओळीवर अडलं. इथल्या पतसंस्थांमध्ये, शाळांमध्ये आणि घरांमध्ये नेटवर्क बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. रॅम किंवा एसएसडी घातल्यानंतर वायफाय कमजोर झालेले लॅपटॉप माझ्याकडे सतत येतात. त्यामुळे फॉरमॅट अजिबात मारू नका. तुमचा डेटा जाईल, एक दिवस जाईल, आणि सुटलेली वायर फॉरमॅटने जोडली जात नाही.

लॅपटॉपच्या आत वायफायचं एक छोटं कार्ड असतं, आगपेटीपेक्षा लहान. त्याच्या एका कडेला दोन पिवळट गोल टिकल्या दिसतात, जेमतेम दोन मिलिमीटरच्या. त्यांवर दोन बारीक वायरी दाबून बसवलेल्या असतात, बहुतेक वेळा एक काळी आणि एक पांढरी किंवा राखाडी. या वायरी बिजागरीतून वर झाकणात जातात आणि स्क्रीनच्या कडेला असलेल्या अँटेनांना मिळतात. काही मॉडेलांत अँटेना खालच्या अंगातच असतात. एसएसडीची जागा बऱ्याचदा या कार्डाच्या शेजारीच असते. एसएसडी बसवताना हात लागून यातली एक वायर उचलली गेली, किंवा वरून बसल्यासारखी दिसली पण दाबली गेली नाही, की लॅपटॉप बंद पडत नाही, वायफायही बंद पडत नाही. राउटरजवळ तो अगदी नीट चालतो. लांब गेलात की उरलेली एक वायर आणि जे काही हवेतून झिरपेल त्यावर तो कसाबसा तग धरतो. फोनला रेंज आणि लॅपटॉपला नाही, हे याचं नेहमीचं लक्षण.

पण माझा अंदाज म्हणून लगेच लॅपटॉप खोलू नका. आधी मोजा. वायफायच्या त्या चार रेघांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशोबाने दाखवते. लॅपटॉप नेहमीच्या टेबलावर ठेवून कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' हे चार शब्द इंग्रजीत, मध्ये एकेक जागा सोडून टाइप करा. नेटश म्हणजे नेट आणि त्याला चिकटून एस, एच. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत सेटिंगमधलं लोकेशन बंद असेल तर ही कमांड नकार देते, तेव्हा तेवढ्यापुरतं ते चालू करा. येणाऱ्या यादीत सिग्नल टक्क्यांत लिहिलेला असतो आणि चॅनेलचा आकडाही असतो. दोन्ही लिहून घ्या.

विंडोजचे हे टक्के सरळ हिशोबाचे आहेत. १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), शून्य टक्के म्हणजे उणे १००, मधलं सगळं त्याच प्रमाणात. म्हणजे ८० टक्के म्हणजे उणे ६०, आणि ५० टक्के म्हणजे उणे ७५. मीटिंगसाठी साधारण उणे ६७ पर्यंत मी निश्चिंत असतो, उणे ७५ च्या खाली अडखळणं सुरू होतं. आता फोनवर वायफाय अॅनलायझर प्रकारचं एखादं मोफत अॅप घ्या, त्याच टेबलावर फोन ठेवा आणि त्यातला डीबीएमचा आकडा बघा. दोघंही एकाच बँडवर (वायफायच्या एकाच लहरपट्ट्यावर) असले पाहिजेत, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. चॅनेल १ ते १३ मधला असेल तर २.४ गिगाहर्ट्झ, ३६ किंवा त्यापुढचा असेल तर ५ गिगाहर्ट्झ.

पाच-सात डीबीचा फरक असला तर सोडून द्या, तेवढा यंत्रायंत्रांत असतोच. पण फोन उणे ६० आणि लॅपटॉप उणे ७५ किंवा त्याहून खाली असेल तर ते साधं नाही. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, म्हणजे १५ डीबीच्या फरकात लॅपटॉपपर्यंत जवळपास तिसाव्या हिश्श्याएवढाच सिग्नल पोचतोय. एकाच टेबलावर एवढी तफावत भिंतीमुळे येत नाही, ती लॅपटॉपच्या आतच आहे. जमलं तर झाकण हळूहळू मागेपुढे करून आकडा पुन्हा बघा. झाकणाबरोबर टक्के उड्या मारत असतील तर बिजागरीत वायर चेपली गेली असण्याची शक्यता जास्त, आणि ते काम थोडं मोठं आहे.

तफावत निघाली तर ज्याने एसएसडी बसवली त्याच्याकडेच जा आणि 'वायफाय कार्डाच्या दोन्ही अँटेना वायरी तपासून द्या' एवढंच सांगा. फॉरमॅट, बोर्ड, काहीही दुसरं बोलू देऊ नका. स्वतः उघडणार असाल तर आधी वॉरंटीचं बघा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, मागचं झाकण काढल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच आत हात घाला. वायरीचं टोक टिकलीच्या बरोबर मधोमध आणून बोटाच्या पेराने सरळ खाली दाबायचं. बसलं की बारीकसा 'टक' जाणवतो. तिरकं दाबलं तर टिकलीच्या मधली पिन वाकते आणि मग कार्डच बदलावं लागतं. हे कनेक्टर पुन्हा पुन्हा काढण्या-घालण्यासाठी बनवलेले नसतात, म्हणून बसलेली वायर 'खात्रीसाठी' उचकटून बघू नका. वायर तुटलेली असली किंवा कार्डच गेलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये हे कार्ड सुटं असतं आणि बोर्डाच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत बदलतं. काही पातळ मॉडेलांत ते बोर्डावरच डकवलेलं असतं. तिथे यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल लावणं हा शहाणपणाचा मार्ग.

तोपर्यंत उद्याच्या मीटिंगांचं काय? अँड्रॉइड फोन असेल तर तो घरच्या वायफायला जोडलेला ठेवा, चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक फोन मोबाइल डेटा न वापरता स्वतःचं वायफायच लॅपटॉपला पुढे देतात. लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा. केबल मात्र डेटा जाणारी हवी, नुसत्या चार्जिंगची नको. यात तुमचं काम निभावेल आणि चाचणीही होईल. दोन दिवस असं चालवून एकदाही नेट तुटलं नाही, तर लाइन, राउटर आणि लॅपटॉपचं बाकी सगळं ठीक आहे, दोष लॅपटॉपच्या वायफायकडेच आहे असं धरून चाला.

दोघांचे आकडे जवळपास सारखेच निघाले तर माझा अंदाज चुकीच्या बाजूला आहे, मग लाइनकडे बघावं लागेल. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं), दुसरीत ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर). राउटरचा पत्ता 'आयपीकॉन्फिग' कमांडमध्ये डिफॉल्ट गेटवेपुढे दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. पत्त्यापुढे जागा सोडून डॅश आणि टी लिहिलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. दोन्ही खिडक्या संध्याकाळच्या मीटिंगभर चालू ठेवा. नेट अडलं त्या क्षणी राउटरचं पिंग २-५ मिलिसेकंदांवरच आहे आणि फक्त ८.८.८.८ चं तुटलं, तर वायफाय निर्दोष आहे. तो स्क्रीनचा फोटो वेळेसकट लाइनवाल्याला पाठवा. 'आमच्याकडून ओके' हे उत्तर मग त्याला देता येत नाही. राउटरचंच पिंग आधी शेकड्यांत गेलं आणि मग तुटलं, तर भांडण हवेतलं आहे, म्हणजे वायफायच्या लहरींचं.

संध्याकाळी हवेतलं भांडण पेठेत होणारच. भिंतीला भिंत लागलेली घरं, सगळे कामावरून घरी आलेले, आणि २.४ गिगाहर्ट्झला जागाच थोडी. आपल्याकडे त्यात १३ चॅनेल दिसतात, पण शेजारच्या दोन चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि एका वायफायला लागतात २०. म्हणून एकमेकांच्या अंगावर न जाणारी तीनच : १, ६ आणि ११. सगळे १ आणि ६ वर आहेत म्हणून मधलं मोकळं ३ किंवा ४ निवडणं हा बऱ्याच जणांचा हुशारीचा समज असतो, पण त्याने दोन्हीकडचा गोंगाट पदरात पडतो. एकाच चॅनेलवरची राउटरं निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात, अर्धवट अंगावर आलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकूच येत नाही. त्याच अॅपमध्ये बघून तिन्हीतलं कमी गर्दीचं निवडा, राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवर असेल तर २० करा. ५ गिगाहर्ट्झला चॅनेल 'ऑटो'वर सोडू नका. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारला वाट द्यायचा नियम आहे. राउटरला तसं काही जाणवलं की तो तिथून उठतो आणि तुमची मीटिंग पडते. ३६ ते ४८ मधलं किंवा १४९ ते १६१ मधलं एक पक्कं करा.

आता तुमचा कोनाडा. दगड-मातीची हातभर जाडीची भिंत, तिच्या पोटात राउटर, म्हणजे तीन बाजू सुरुवातीलाच बंद. ५ गिगाहर्ट्झ अशा भिंतीत फारसं टिकत नाही, २.४ थोडं बरं. आज संध्याकाळीच राउटर कोनाड्यातून काढून जिन्याच्या तोंडाशी उंचावर ठेवून बघा, फुकटात बराच फरक पडेल. लोखंडी कपाट, फ्रीज, पाण्याची टाकी यांच्या आड ठेवू नका. कायमचा उपाय मात्र एकच सांगेन : जिन्याच्या कडेने एक कॅट ६ केबल माडीवर न्या (१०० मीटरपर्यंत ती बिनघोर चालते) आणि तुमचा आधीचा राउटर वर लावा. त्यातलं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला खालच्या राउटरच्याच मालिकेतला पण वेगळा पत्ता द्या, आणि केबल वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) भोकात न लावता लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) भोकात लावा. डीएचसीपी चालूच राहिलं तर दोन राउटर दोन तऱ्हेचे पत्ते वाटायला लागतात आणि आजच्यापेक्षा विचित्र त्रास सुरू होतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या रिपीटरच्या मागे लागू नका. तो त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेतून पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण अर्ध्यावर येतो. या घरात केबलला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रायव्हर आणि पॉवर सेव्हिंगबद्दल तुम्हाला बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून तेवढ्यापुरतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची खूण काढून टाका, त्यात नुकसान नाही (बऱ्याच नव्या लॅपटॉपांत हा टॅब नसतोच). पण तुमचं नेट ऐन मीटिंगमध्ये, म्हणजे कार्ड पूर्ण कामात असताना तुटतं. झोपेच्या सेटिंगचा त्रास सहसा असा दिसत नाही, त्यात लॅपटॉप निवांत पडून राहिल्यावर नेट जातं. ड्रायव्हर घ्यायचा झाला तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, तुमच्या नेमक्या मॉडेलचा घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारी सॉफ्टवेअरं अजिबात घालू नका. दोष विंडोजचा की यंत्राचा हे ठरवायचंच असेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह (विंडोजऐवजी तात्पुरती चालणारी दुसरी प्रणाली) चालवून त्याच टेबलावर अर्धा तास बघा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तिथेही सिग्नल मरतुकडाच असेल तर विंडोज निर्दोष सुटलं.

आणखी एक विचारायचं राहिलं. जुनी डिस्क केसमध्ये घालून बाहेरून यूएसबी ३ ला लावता का? एसएसडी बदलल्यावर पुष्कळ जण तसं करतात. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट बाहेर पडतो, आणि डिस्क किंवा हब अँटेनाच्या जवळ असेल तर वायफाय कमजोर पडतं. डिस्क काढून आकडा बघा. लगेच सुधारला तर ती लांब केबलने बाजूला ठेवा किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या, कुठलंही झाकण उघडायची गरज नाही.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी डिस्क काढून, मग राउटर कोनाड्याबाहेर ठेवून, दोन्ही वेळा लॅपटॉपचे टक्के, फोनचे डीबीएम आणि दोघांचा चॅनेल. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. हे आकडे, लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारं वायफाय कार्डाचं नाव इथे टाका. कार्ड सुटं आहे की बोर्डावर डकवलेलं, आणि त्याला अँटेना एक आहे की दोन, ते त्यावरून बघून सांगतो. दुकानात जायचं ते त्यानंतर.