संगणक प्रयोगशाळेतले पहिले आठवडे : विद्यार्थ्यांचे प्रश्न, शिक्षकाची उत्तरे

प्रथम वर्षाची प्रॅक्टिकल्स सुरू झाली की दरवर्षी तेच गोंधळ पुन्हा समोर येतात, आणि त्यांतले बरेचसे प्रयोगशाळेत नव्हे, तर हॉस्टेलवर ऐकलेल्या सल्ल्यांतून निर्माण झालेले असतात. लिनक्सवर सी भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांच्या काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडला असेल का?

नाही. तिथे पासवर्डची अक्षरे सहसा दिसतच नाहीत. पूर्ण टाइप करून एंटर दाबावे. तरीही लॉगिन झाले नाही तर मित्राचे खाते न वापरता लॅब असिस्टंटकडून पासवर्ड बदलून घ्यावा.

प्रश्न : घरी टर्बो सी या कंपाइलरवर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनावर) व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम प्रयोगशाळेत कंपाइलच होत नाही. ‘कॉनिओ डॉट एच’ ही फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो. परीक्षेत टर्बो सी च चालते, असे सीनियर सांगतात. मग प्रयोगशाळेतले जीसीसी कंपाइलर शिकायचे कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. टर्बो सी १९८७ साली बाजारात आले आणि त्या काळी ते उत्तम साधन होते, पण ते डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेले सोळा बिटांचे सॉफ्टवेअर आहे. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या आधाराने चालवावे लागते. ‘कॉनिओ डॉट एच’ हा सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीचा (भाषेसोबत येणाऱ्या तयार फंक्शन्सच्या संचाचा) भाग कधीच नव्हता. ती ओळ तुम्ही काढून टाकली, तरी पडदा पुसणारे सीएलआरएससीआर हे फंक्शन तसेच राहिले असेल, तर जीसीसी तिथेही अडणार, कारण ते फंक्शन त्याच्याकडे नाहीच. ते, आणि शेवटी पडदा रोखून धरणारे गेटसीएच, दोन्ही काढून टाका. प्रोग्रॅमच्या तर्काला त्यांची गरज नसते. ‘व्हॉइड मेन’ऐवजी ‘इंट मेन’ लिहा आणि शेवटी ‘रिटर्न झीरो’ द्या.

याहून गंभीर फरक डोळ्यांना दिसत नाही. टर्बो सी मध्ये ‘इंट’ (पूर्णांक साठवणारा डेटा टाइप) दोन बाइटचा असतो, म्हणजे त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ ही संख्या मावते. फॅक्टोरियलचा (१ पासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांच्या गुणाकाराचा) नेहमीचा प्रोग्रॅम ‘इंट’ वापरून लिहा आणि ८ द्या : उत्तर ४०,३२० यायला हवे, टर्बो सी वर ते उणे २५,२१६ येते. प्रयोगशाळेतल्या जीसीसीवर ‘इंट’ चार बाइटचा असल्यामुळे ८ चे उत्तर बरोबर येते, पण १३ दिल्यावर तेही चुकते. दोन्ही वेळा कंपाइलर काहीही तक्रार करत नाही. हे स्वतः करून पाहिलेला विद्यार्थी डेटा टाइप पुन्हा विसरत नाही. ज्याने केवळ नोट्समधले ‘इंट म्हणजे दोन बाइट’ हे वाक्य पाठ केले आहे, तो तोंडी परीक्षेत हमखास अडखळतो. अनेक खासगी क्लासेस अजूनही त्याच जुन्या नोट्सच्या झेरॉक्स विकतात, आणि विद्यार्थी पैसे मोजून त्या घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

घरी विंडोज असेल तर कोडब्लॉक्स हे प्रोग्रॅम लिहिण्याचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. मात्र डाउनलोड करताना नावात ‘मिनजीडब्ल्यू’ असलेलीच आवृत्ती घ्या, नाहीतर एडिटर मिळेल आणि कंपाइलर मिळणार नाही. परीक्षा कोणत्या कंपाइलरवर होणार, हे सीनियरला नव्हे, आपल्या प्रॅक्टिकलच्या शिक्षकांना विचारा. काही ठिकाणी अजून टर्बो सी असू शकते, आणि तसे असेल तर दोन्हींवर सराव ठेवावा.

प्रश्न : प्रोग्रॅम थांबतच नाही, पडदा भरून आकडे धावत राहतात.

कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, मग लूपमधली अट तपासा. मशीनचे बटण दाबून ते बंद करू नका.

प्रश्न : दुकानदार म्हणतो की प्रोग्रॅमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड असलेला महागडा लॅपटॉपच लागेल. घ्यावा का?

प्रथम वर्षाच्या सी साठी अजिबात नाही. जीसीसी घरातल्या जुन्या संगणकावरही चालते, आणि हप्त्यांवर लॅपटॉप गळ्यात मारणाऱ्याला तुमचा अभ्यासक्रम ठाऊक नसतो. पुढे कोणती शाखा, कोणते विषय हे ठरल्यावर विभागातल्या शिक्षकांशी बोलून मगच खरेदी करावी.

प्रश्न : डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल पुढच्या आठवड्यात नाहीशी झाली.

सामायिक मशीनवर दुसरी बॅच बसते, कधी यंत्रणा नव्याने टाकली जाते. आपल्या खात्याच्या होम फोल्डरमध्ये वेगळा फोल्डर करून फाइल ठेवा आणि उठण्यापूर्वी तिची प्रत स्वतःला ईमेल करा. तुमच्याकडे होम फोल्डर सर्व्हरवर आहे की त्याच मशीनवर, हे लॅब असिस्टंटला आजच विचारून घ्या.

प्रश्न : तीन प्रॅक्टिकल्स राहिली आहेत आणि सबमिशन जवळ आले आहे. कॉलेजसमोर तयार जर्नल मिळते. ते उतरवून काढले तर चालेल का?

चालणार नाही. त्या जर्नलमधले आउटपुट कोणत्या कंपाइलरवर काढले आहे हेही तुम्हाला सांगता येणार नाही, आणि एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) एखादी ओळ बदलून प्रोग्रॅम पुन्हा चालवायला सांगितला की तिथेच अडाल. राहिलेल्या प्रॅक्टिकल्ससाठी जादा वेळ शिक्षकांकडे मागा, शेवटच्या आठवड्यात नव्हे, आत्ताच. शेवटच्या आठवड्यात प्रयोगशाळेत रिकामे मशीन मिळत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः टाइप करा, कंपाइल करताना ‘डॅश डब्ल्यू-ऑल’ हा संभाव्य चुकांचे इशारे दाखवणारा पर्याय लावा आणि आलेल्या संदेशांपैकी सर्वांत वरचा आधी दुरुस्त करा, कारण खालचे अनेक संदेश त्याच चुकीतून आलेले असतात. तो संदेश वाचूनही कळला नाही तर ओळ क्रमांकासह वहीत उतरवून शिक्षकांना दाखवा.